सोनं हरवत नाही, भांडं चुकतं : ई-कचऱ्यातल्या धातूंविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या बोर्डांवरचं सोनं, चांदी, तांबं आम्लात उतरवून वेगळं कसं करतात, हे गेल्या अंकात थोडक्यात दिलं होतं. त्यावर अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कोकणपट्टीतून पत्रं आली. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे : हे घरी करता येईल का? नाही. कारणं पुढच्या उत्तरांत येतीलच. आम्लाच्या कृती विचारणारी जी पत्रं निवडली आहेत, ती परवाना असलेल्या युनिटमधली किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली आहेत. त्यातली प्रमाणं तेवढ्यापुरतीच समजावीत.

माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. ४० किलो मदरबोर्ड आणि ३ किलो रॅम साठली आहे. भंगारवाला किलोवर भाव सांगतो. यात सोनं नक्की किती असेल? — चिपळूण

रॅमपासून सुरुवात करू, तिथे हिशेब डोळ्यांना दिसतो. डीडीआर-३ च्या पट्टीच्या कडेला दोन्ही बाजूंचे मिळून २४० सोनेरी दाते असतात. एक दाता साधारण २ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे सगळ्या पट्टीवर सोनेरी पृष्ठभाग जेमतेम ५ चौरस सेंटिमीटर. चांगल्या प्रतीच्या दात्यांवर मुलाम्याची जाडी पाऊण मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. सोन्याची घनता १९.३ धरली की एका चौरस सेंटिमीटरला दीड मिलिग्रॅमच्या आतबाहेर सोनं येतं, आणि एका पट्टीच्या दात्यांवर सात मिलिग्रॅम. स्वस्त पट्ट्यांवर मुलामा याच्या निम्मा किंवा त्याहून पातळ. एक पट्टी २० ग्रॅमची धरली तर तुमच्याकडे दीडशे पट्ट्या आहेत. दात्यांवरचं सोनं अर्धा ग्रॅम ते एक ग्रॅम, बस्स. चिपांच्या आत बारीक सोन्याच्या तारा असतात, पण नव्या चिपांत त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी तांब्याने घेतली आहे.

मदरबोर्डवर सोनेरी चमक जास्त दिसते, तिथेच माणूस फसतो. बोर्डाच्या पृष्ठभागावरचा रासायनिक मुलामा ०.०५ ते ०.१ मायक्रॉन इतकाच असतो. रंग तोच, माल रॅमच्या चांगल्या दात्यापेक्षा सातपट ते पंधरापट कमी.

आता उलटा हिशेब. अशा बोर्डाच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा तांबं असतं, म्हणजे ४० किलोत आठेक किलो. अख्खा बोर्ड नायट्रिक आम्लात टाकला तर आम्ल सोन्याला हात लावत नाही, ते तांबं खात बसतं. एक किलो तांबं विरघळायला बाजारातलं तीव्र नायट्रिक आम्ल किमान पावणेतीन लिटर लागतं आणि त्यातून कमीत कमी अडीचशे लिटर नायट्रोजनचे विषारी वायू निघतात. हे झालं तेच आम्ल पाणी घालून विरल केल्यावरचं. तसंच तीव्र वापरलं तर दोन्ही आकडे आणखी चढतात. आठ किलोला किती, ते तुम्हीच मांडा. शेवटी मूठभर सोनेरी पापुद्र्यांसाठी वीस-पंचवीस लिटर निळं विष पदरी पडतं.

टोकियो ऑलिंपिकची पदकं ई-कचऱ्यातून केली, तेव्हा ७८,९८५ टन छोटी उपकरणं आणि ६२ लाखांवर मोबाइल गोळा करून सोनं मिळालं ३२ किलो. तुमचा फायदा आम्लात नाही, निवडण्यात आहे. रॅम, मोबाइलचे बोर्ड, जुने सिरॅमिकचे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि तपकिरी बोर्ड (जुने टीव्ही, पॉवर सप्लाय यांतले) असे पाच ढीग वेगळे करा. तपकिरी बोर्डात सोनं नसल्यातच जमा. त्याच्या ढिगात रॅम मिसळलेली राहिली, तर भाव तपकिरीचाच मिळणार.

मच्छीमार बोटींवरचे जुने फिश फाइंडर, जीपीएस आणि वायरलेस सेट आमच्याकडे येतात. बोर्ड हिरवे पडलेले असतात. ब्रशने घासून साफ करून ठेवावेत का? — हर्णै

घासू नका. मुलाम्याला सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं असतात. खारट ओल त्यातून आत जाते आणि खालचं निकेल, तांबं गंजवते. हिरवं दिसतं ते तांब्याचं. वरचं सोनं तसंच असतं, पण त्याला खालून आधार उरलेला नसतो, त्यामुळे ब्रशच्या पहिल्या फटकाऱ्यात ते धुळीबरोबर जातं. असे बोर्ड कोरड्या जागी, जमिनीपासून उंच, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पिशवीच्या तळाशी साठलेली पूड त्याच पिशवीत राहू द्या. बॅटऱ्या मात्र आधी काढा. लिथियमच्या सेलची टोकं चिकटपट्टीने झाका आणि तो डबा बोर्डांपासून दूर ठेवा. खारं पाणी लागलेला सेल आतून कधी तापेल याचा भरवसा नसतो.

आमच्या युनिटमध्ये कापलेले दाते थेट नायट्रिक आम्लात टाकले. तांबं उतरलं, पण तळाशी पांढरा चिकट रांधा झाला. गाळणकागद दहा मिनिटांत बुजतो, तीन दिवस झाले तरी गाळप संपत नाही. — खेड

तो रांधा कथलाचा आहे. डाखामधलं (सोल्डरमधलं) कथील नायट्रिक आम्लात विरघळत नाही. त्याचं मेटास्टॅनिक आम्ल बनतं, पेजेसारखं, आणि सोन्याचे पापुद्रे ते पोटात घेऊन बसतं. चूक क्रमाची झाली. डाख लागलेला माल आधी कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायचा. कथील त्यात विरघळतं, तांबं जवळजवळ तसंच राहतं. नंतर माल धुवायचा, आणि नीट धुवायचा. क्लोराइड शिल्लक असताना नायट्रिक ओतलं की भांड्यात नकळत आम्लराज (सोनं विरघळवणारं हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचं मिश्रण) तयार होतं आणि सोनं तांब्याबरोबरच पाण्यात उतरतं. मग पापुद्रे शोधत बसायचं, ते सापडत नाहीत. धुवणाच्या शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहा. दूध फाटल्यासारखं पांढरं आलं तर अजून धुवा.

सध्याच्या रांध्यावर नवीन आम्ल ओतू नका. वरचं पाणी अलगद काढून घ्या, रांधा धुवा, वाळवा आणि धूर ओढणाऱ्या भट्टीत मुशीमध्ये लाल होईपर्यंत तापवा. चिकट पेजेचं कोरडं ऑक्साइड होतं. नंतर आम्लराज सोनं उचलतं आणि हे ऑक्साइड मागे राहतं, गाळायलाही सोपं. यात शिसं असतं, त्यामुळे ही भाजणी उघड्यावर करायची नाही.

पुढच्या वेळी दात्यांसाठी नायट्रिक वापरूच नका, असं आमचं मत आहे. बाजारातलं ३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ही जोडी हळू चालते, पण ताब्यात राहते. एक किलो दाते बुडतील इतकं, साधारण सव्वा लिटर आम्ल, जाड प्लॅस्टिकच्या बादलीत घ्या. पेरॉक्साइड ५० ते १०० मिलिलिटर, सुरुवातीला एकदाच. ते काम फक्त चालू करून देतं. पुढे तयार झालेलं तांब्याचं क्लोराइडच उरलेलं तांबं खातं आणि हवेने पुन्हा ताजं होतं. त्यासाठी माशांच्या टाकीचा छोटा पंप बुडबुडे सोडत ठेवा. झाकण सैल हवं, घट्ट नको. द्रावण पाचूसारखं हिरवं असेल तर त्यात दम आहे. काळपट तपकिरी झालं की हवा कमी पडते आहे असं समजा. चार दिवस ते आठवडा लागतो. घाईने जास्त पेरॉक्साइड घातलं तर थोडं सोनंही विरघळतं, मात्र तांबं शिल्लक असेपर्यंत ते त्यावर परत बसतं. म्हणून शेवटचं तांबं दिसेनासं व्हायच्या बेताला पेरॉक्साइडच्या बाटलीला हात लावू नका. उद्योगात मिळणारं ३० किंवा ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड यासाठी अजिबात नको. बादली उतू जाते आणि क्लोरीन सुटतो.

एक बारकावा बरेच जण विसरतात. काळपट द्रावणात धुवायला थेट पाणी ओतलं की क्युप्रस क्लोराइडची पांढरी भुकटी खाली बसते आणि पापुद्र्यांत मिसळते. पहिलं धुवण विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने, पाणी त्यानंतर.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्लराजात सोनं विरघळवलं. द्रावण पिवळं-हिरवं आहे. युरिया घालून फेस येणं थांबवलं, मग सोडियम मेटाबायसल्फाइट टाकलं, पण काहीच खाली बसत नाही. सोनं गेलं कुठे? — मालवण

कुठेही गेलं नाही, द्रावणातच आहे. ते अडवून धरलंय उरलेल्या नायट्रिक आम्लाने. तुम्ही टाकलेली पूड सोन्याचा कण पाडते आणि नायट्रिक तो पुन्हा विरघळवतं. युरियाने फेस थांबतो म्हणून काम झालंसं वाटतं, पण भाताला घालतो तो युरिया नायट्रस आम्लाला मारतो, नायट्रिकला नाही. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की दर दुसऱ्या चित्रफितीत दिसते.

नायट्रिक संपवायला सल्फॅमिक आम्ल घ्या. द्रावण ७०-८० अंशांपर्यंत तापवून चिमटी-चिमटीने घाला, प्रत्येक चिमटीनंतर फसफस थांबू द्या. चिमूट टाकूनही फसफस आली नाही की नायट्रिक संपलं. त्यातून थोडं सल्फ्युरिक आम्लही तयार होतं, तेही कामाचं. शिसं असेल तर सल्फेट होऊन खाली बसतं. मग तिप्पट-चौपट थंड पाणी घालून भांडं बर्फात ठेवा. चांदीचं क्लोराइड पांढरं होऊन बसेल, ते गाळून काढा. सोनं पाडायचं ते या स्वच्छ द्रावणातून.

मुळात आम्लराज जास्त केलं की हे सगळं पुराण वाढतं. तीनास एक हे पुस्तकातलं प्रमाण भांडं भरून ओतण्यासाठी नसतं. एका ग्रॅम सोन्याला हायड्रोक्लोरिक साधारण ४ मिलिलिटर आणि नायट्रिक १ मिलिलिटर पुरतं. सोनं हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवून नायट्रिक थेंबाथेंबाने सोडा आणि सोनं विरघळताच थांबा.

आता पुडीची परीक्षा. मेटाबायसल्फाइट दमट हवेत मरतं. मालवणात पावसाळ्यात अर्धी उघडी राहिलेली बरणी महिन्या-दोन महिन्यांत दगड होते. चिमूटभर पुडीवर विरल आम्लाचा थेंब टाका. गंधकाच्या धुरासारखा झणझणीत वास आला तर ती जिवंत. हिशेबाने एका ग्रॅम सोन्याला पाऊण ग्रॅमच्या आत पुरते, व्यवहारात एक ते दीड ग्रॅम घालतात. द्रावणात तांबं बरंच असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) बरी, ती तांब्याला हात लावत नाही. एका ग्रॅम सोन्याला हिशेबाने सव्वाचार ग्रॅम, व्यवहारात पाच-सहा. खडे पोपटी हवेत. पिवळी-तपकिरी पूड धरलेली हिराकस वाया गेलेली असते.

सगळ्यात आधी करायची ती परीक्षा शेवटी सांगतो, कारण ती तुम्ही केलीच नाही. ५ ग्रॅम स्टॅनस क्लोराइड १० मिलिलिटर हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळवून पाण्याने ५० मिलिलिटर करा आणि बाटलीत शुद्ध कथलाचा तुकडा टाकून ठेवा. पांढऱ्या गाळणकागदावर द्रावणाचा एक थेंब, त्यावर याचा एक थेंब. जांभळट काळा डाग पडला तर सोनं आहे, पडला नाही तर नाही. पण नायट्रिक भरपूर असताना ही परीक्षाही खोटं बोलते, आणि स्टॅनसची बाटली काही आठवड्यांत उतरते. म्हणून खात्रीने सोनं असलेल्या द्रावणाची छोटी कुपी जवळ ठेवा आणि आधी तिच्यावर बाटली तपासा. डाग येत नाही म्हणून द्रावण ओतून दिलं, आणि बाटलीच मेलेली होती, असं झालं की सोनं बेसिनमधून जातं.

चांदीच्या द्रावणात विहिरीचं पाणी घातल्यावर ते ताकासारखं पांढरं झालं. आमची विहीर खाडीजवळ आहे. — रत्नागिरी

पाण्यात मीठ आहे. १०० मिलिग्रॅम क्लोराइड सुमारे ३०० मिलिग्रॅम चांदी बांधून टाकतं. लिटरला ३०० मिलिग्रॅम क्लोराइड असलेलं पाणी पिताना किंचित मचूळ लागेल इतकंच, पण एका लिटरमागे ते ९०० मिलिग्रॅम चांदी खाली बसवतं. ती वाया गेलेली नाही. बसू द्या, गाळा, स्वच्छ पाण्याने धुवा. मग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात घालून ढवळा. काळपट तपकिरी ऑक्साइड होईल. त्यात साखर घालून थोडं गरम केलं की राखाडी चांदीची पूड मिळते. अमोनियात विरघळवून ठेवायचा मोह मात्र टाळा. ते द्रावण राहिल्यावर किंवा सुकल्यावर त्याचा स्फोट होऊ शकतो. पुढे बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा. पागोळीचं पाणीही किनाऱ्यालगत खात्रीचं नसतं.

तांबं उतरलेलं निळं-हिरवं पाणी म्हणजे मोरचूदच ना? चुना घालून त्याचं बोर्डो करून सुपारीवर कोळेरोगासाठी मारता येईल का? — श्रीवर्धन

नाही. प्रश्न हुशारीचा आहे, पण मोरचूद म्हणजे शुद्ध कॉपर सल्फेट. बागेतलं एक टक्का बोर्डो एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १०० लिटर पाणी या ठरलेल्या मापाने होतं. तुमच्या पाण्यात तांब्याचं क्लोराइड किंवा नायट्रेट आहे, किती ते माहीत नाही, आणि सोबत डाखाचं शिसं, दात्यांखालचं निकेल, कथील, कधी जस्त. हे झाडावरून ओघळून मुळाशी आणि तिथून आडात जाणार.

बोर्डो झाल्यावर त्यात विळा बुडवून बघतात, पात्यावर तांबूस चढलं तर चुना वाढवतात. तुमच्या निळ्या पाण्याचं कामही त्याच रसायनावर चालतं. लोखंड द्रावणात जातं आणि त्याच्या बदल्यात तांबं बाहेर पडतं. एक किलो तांब्याला हिशेबाने ८८० ग्रॅम लोखंड लागतं, व्यवहारात सव्वा किलो धरा. पातळ, गंज नसलेला लोखंडी पत्रा वापरा. गॅल्वनाइज्ड नको, अॅल्युमिनियमही नको. पीएच दोनच्या आसपास हवा. त्याहून आंबट असेल तर लोखंड आम्लातच फुकट जातं आणि हायड्रोजन सुटतो, म्हणून जागा हवेशीर आणि जवळ विस्तव नको. द्रावणात नायट्रिक शिल्लक असेल तर पत्रा नुसता विरघळत राहतो, तांबं काही बसत नाही. निळा रंग जाऊन फिकट हिरवा आला की स्वच्छ खिळा पाच मिनिटं बुडवून पाहा. तांबूस चढला नाही तर तांबं बहुतेक उतरलं. त्याआधी एकदा स्टॅनसची परीक्षा करा. सोनं चुकून इकडे आलं असेल तर तेही या तांब्याच्या गाळात बसतं, आणि तो गाळ मग तांब्याच्या भावाने विकायचा नसतो.

उरलेल्या पाण्यात लोखंड, निकेल, शिसं राहतं. त्यात हवा सोडत विरी चुन्याचं पाणी घालून पीएच साडेनऊ ते दहा करा आणि रात्रभर बसू द्या. वरचं पाणी नितळ दिसतं म्हणून ते सोडण्याजोगं होत नाही. सांडपाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आणि पीएच ५.५ ते ९ आहे. सुरुवातीच्या पाण्यात लिटरला ३० ग्रॅम तांबं धरलं तर दहा हजार पटींनी खाली यायला हवं. हे डोळ्यांनी ठरत नाही, प्रयोगशाळेच्या अहवालाने ठरतं. तळाचा गाळ घातक कचरा. तो तळोज्यासारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रातच जायला हवा, पावतीसह. अमोनिया मिसळलेलं गडद निळं पाणी असेल तर चुन्याने तांबं खाली बसतच नाही. ते वेगळं ठेवा.

खाडीत सोडायचा विचार कुणाच्या मनात असेल तर एवढंच लक्षात ठेवा, की होडीच्या तळाला शिंपले धरू नयेत म्हणून लावायच्या रंगात तांब्याचं ऑक्साइड घालतात. ज्याने शिंपला मरतो तेच तुम्ही तिसऱ्या, कालवं अशा खाण्याच्या शिंपल्यांच्या अंगावर ओतणार. जी कालवं जगतात ती तांबं अंगात साठवतात.

बागेत, वस्तीपासून लांब, मोकळ्या वाऱ्यात केलं तर धूर निघून जाईल ना? — देवगड

नायट्रोजन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. समुद्रावरचा खारा वारा पडून मतलई (जमिनीवरून येणारा वारा) सुटेपर्यंतच्या वेळेत तो कुंपणाच्या आत, कुंडीत, विहिरीच्या तोंडाशी साचतो. त्याची खोटी सवलत अशी, की त्या वेळी फक्त खोकला येतो, डोळे चुरचुरतात, आणि तासाभरात बरं वाटतं. फुप्फुसात पाणी भरायला सहा ते चोवीस तास लागू शकतात. माणूस जेवून झोपतो आणि मध्यरात्री धाप लागून उठतो. तपकिरी धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असतानाच रुग्णालयात जा आणि कशाचा धूर होता ते सांगा. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क असून नसून सारखाच.

युनिटमध्येही आम्ल एकदम ओतायचं नाही. वीज गेली की पंखा थांबतो, आम्लाचं काम थांबत नाही. एकावेळी इतकंच आम्ल घाला की पंखा बंद पडला तरी भांड्यातला धूर आवरता येईल. आणि जमीन जांभ्याची असेल तर भांड्याखाली प्लॅस्टिकची परात हवीच. जांभा स्पंजासारखा पितो, त्यात आम्ल मारायला चुनाही नाही, आणि सांडलेलं थेट विहिरीच्या झऱ्याला जाऊन मिळू शकतं.

सायनाइड झटपट काम करतं म्हणतात. थायोयुरिया, थायोसल्फेट हे 'पर्यावरणपूरक' पर्याय कसे आहेत? — वेंगुर्ला

सायनाइडबद्दल एकच वाक्य : ज्या छपराखाली आम्लाचं काम चालतं तिथे ते आणायचंच नाही, दोन्ही एकत्र आले तर खोलीतला माणूस मरतो. थायोयुरिया आंबट द्रावणात, पीएच १ ते २, फेरिक लोहाच्या मदतीने सोनं उचलतो, पण स्वतःही जळत जातो; तांबं जास्त असेल तर खर्च सोन्यापुढे पळतो. थायोसल्फेटला अमोनिया आणि तांबं लागतं, पीएच ९ ते १० सांभाळावा लागतो आणि द्रावणातून सोनं परत काढणं किचकट. दोन्ही मोठ्या, मोजमाप असलेल्या कारखान्याची कामं आहेत. 'पूरक' हा शब्द बाटलीवर असतो, सांडपाण्यात नसतो.

दुकानात ई-कचरा साठवून विकायला परवाना लागतो का? आम्ल आणून दाते वेगळे केले तर? — सावंतवाडी

ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पुनर्चक्रण करणाऱ्याला आणि जुनी उपकरणं दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणणाऱ्या युनिटला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. आम्लाचं काम म्हणजे पुनर्चक्रण, मग भांडं कितीही लहान असो. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही हवी, तीही आधी उभारणीची आणि मग चालवण्याची. शिवाय २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून आम्ल विकताना दुकानदाराला ग्राहकाचं ओळखपत्र आणि वापराचं कारण नोंदवावं लागतं.

तुम्ही निवडून, नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे पाठवा. गाडी येण्याआधी त्याचा नोंदणी क्रमांक पोर्टलवर पडताळा, वजन तुमच्या काट्यावर करा, ढीगवार पावती घ्या. बॅटऱ्यांना २०२२ चेच वेगळे नियम आहेत, त्या बोर्डांच्या वजनात घालू नका. जुन्या टीव्हीची काच फोडू नका. तिच्यात शिसं असतं आणि फोडून हाती काही लागत नाही.

सोन्याची तपकिरी पूड वितळवल्यावर गोळी फिकट आली, मुशीला जांभळे डाग पडले आणि वजन कमी भरलं. — अलिबाग

जांभळे डाग म्हणजेच तुमचं कमी भरलेलं वजन, किंवा त्याचा काही भाग. पूड नीट धुतली नव्हती. क्लोराइड राहिलं की तापताना थोडं सोनं धुरात जातं आणि बारीक कण मुशीच्या काचेत जांभळे होऊन बसतात. पाडलेली पूड आधी कोमट हायड्रोक्लोरिकने, पाणी पिवळं-हिरवं येणं थांबेपर्यंत, आणि मग गरम पाण्याने तीन-चार वेळा धुवायला हवी. ती मंद आचेवर भांड्यात गोळा होईपर्यंत वाळवा. सुट्ट्या पुडीवर फुंकणीची ज्योत सोडली तर निम्मी उडते. मुशीला आतून टाकणखाराचा काचेसारखा हात आधी देऊन ठेवा. सोनं १०६४ अंशांना वितळतं, पण गोळी एकजीव व्हायला त्याच्यावर थोडा वेळ आच टिकवावी लागते.

फिकट रंग चांदीचा किंवा पॅलेडियमचा. म्हणजे बर्फात ठेवून गाळायची पायरी घाईत झाली, किंवा धुवण कमी पडलं. गोळी पातळ ठोकून पुन्हा आम्लराजात घाला आणि तेच सगळं दुसऱ्यांदा करा. शुद्ध गोळीच्या माथ्यावर थिजताना मधोमध छोटा खळगा पडतो, रंग झळझळीत पिवळा असतो.

जांभळी मूस टाकू नका. गाळणकागद, हातमोज्यांची बोटं, फरशी पुसलेलं फडकं हे सगळं एका झाकणाच्या डब्यात साठवा. डबा भरला की धूर ओढणाऱ्या भट्टीत जाळा आणि ती राख पुढच्या खेपेच्या आम्लराजात घाला.